एकमेकांत अडकलेली शेड्यूल्स कशी सांभाळायची: नव्या प्लॅनिंग इंजिनिअरसाठी

नागपूरच्या कामठी रोडवर गड्डीगोदामला एकाच जागी वाहतुकीचे चार थर आहेत. खाली रस्ता, त्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. धावत्या रेल्वेमार्गावर गर्डर चढवायचा तर रेल्वेकडून ब्लॉक, म्हणजे ठरावीक वेळ गाड्या थांबवण्याची मुभा, मिळावा लागतो. ब्लॉक मिळाला त्या दिवशी गर्डर जुळवून तयार हवा, आणि त्याला पेलणारे खांबही. ब्लॉक, गर्डर आणि खांब ही तीन कामं सहसा तीन वेगळ्या लोकांच्या वेळापत्रकांत असतात, आणि त्यातलं एक जरी हललं तरी बाकीच्यांना ते वेळेत कळावं लागतं.

समृद्धी महामार्गाचंही तेच. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचं काम १६ पॅकेजमध्ये वाटलेलं होतं. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ ला. रस्ता सलग झाल्याशिवाय त्यावरून गाडी पुढे जात नाही. त्यामुळे स्वतःचं पॅकेज शंभर टक्के पूर्ण केलेल्यालाही शेजारच्या पॅकेजवरच्या पुलाची तारीख माहीत असावी लागते.

नोकरीच्या पहिल्या वर्षात इतकी मोठी कामं वाट्याला येत नाहीत. पण बुटीबोरी, हिंगणा किंवा मिहानमधल्या एखाद्या गोदामाच्या कामातही हाच प्रश्न उभा राहतो, आणि नेमका तिथेच तो शिकता येतो. हा लेख अशाच एका कल्पित गोदामावर बेतला आहे. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या शेड्यूलिंग सॉफ्टवेअरवर भर आहे, कारण लहान-मध्यम कंत्राटदारांकडे तेच जास्त दिसतं. प्रिमावेरा पी-सिक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरबद्दल पुढे वेगळं सांगितलं आहे.

समजा, बुटीबोरीला गोदाम उभं करायचं आहे. तीन फाइली आहेत. पहिली सिव्हिलची: पाया, पेडेस्टल (कॉलम ज्यावर बसतो तो काँक्रीटचा ठोकळा), फाउंडेशन बोल्ट, फ्लोअरिंग. दुसरी शेडची: कारखान्यात तयार होऊन येणारे स्टीलचे कॉलम, राफ्टर, पत्रे आणि त्यांचं इरेक्शन, म्हणजे उभारणी. तिसरी विजेची: सबस्टेशन, पॅनेल, केबल, महावितरणची जोडणी. तीन कंत्राटदार, तीन प्लॅनिंग इंजिनिअर. मालकाच्या वतीने तिन्ही फाइली एकत्र पाहणारे तुम्ही.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी

नवीन माणूस पहिल्याच दिवशी तिन्ही फाइली एका मास्टरमध्ये, म्हणजे सगळ्यांना एकत्र दाखवणाऱ्या फाइलमध्ये, घालतो आणि दिसेल तिथे लिंक ओढत सुटतो. महिन्याभरात पडद्यावर कोळ्याचं जाळं तयार होतं. मग एक तारीख बदलली की तीसेक कामं हलतात आणि का हलली हे कोणालाच सांगता येत नाही.

दोन फाइलींमधली लिंक ही दोन माणसांमधल्या कराराची नोंद असते. एकाने कबूल केलं की अमुक गोष्ट अमुक अवस्थेत तुझ्या ताब्यात देईन, दुसऱ्याने कबूल केलं की ती मिळाली की मी सुरू करेन. हे बोलणं झालेलं नसेल तर लिंक कितीही अचूक ओढली तरी तिला आधार नाही. म्हणून आधी एक्सेलमध्ये हँडओव्हरची यादी करा. रकाने थोडेच ठेवा: क्रमांक, देणारा, घेणारा, नेमकं काय द्यायचं, कबूल केलेली तारीख, आजची अपेक्षित तारीख आणि शेरा.

‘नेमकं काय’ हा रकाना सगळ्यात जास्त वेळ खातो, आणि खाऊ द्यावा. ‘फाउंडेशन पूर्ण’ असं लिहिलं तर भांडण ठरलेलं आहे. सिव्हिलवाल्याच्या मते काँक्रीट पडलं की फाउंडेशन पूर्ण. शेडवाल्याच्या मते क्रेन आत येऊन पहिला कॉलम बोल्टवर बसवता आला की पूर्ण. मध्ये बरंच काही राहतं: शटरिंग काढणं, माती भरून दाबणं, बोल्टांच्या जागेचा आणि उंचीचा सर्व्हे, बोल्टांच्या आट्यांवरचं सिमेंट साफ करणं, क्रेन उभी राहील इतकी जागा मोकळी करणं. म्हणून असं लिहा (ग्रिड म्हणजे नकाशावरच्या कॉलमच्या ओळी): ‘ग्रिड १ ते ८, बोल्ट सर्व्हे रिपोर्टवर दोन्ही बाजूंच्या सह्या, भराव पूर्ण, क्रेनसाठी जागा मोकळी.’ साइटच्या भाषेत यालाच फ्रंट मिळणं म्हणतात. फ्रंट मिळाला की नाही याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असंच आलं पाहिजे, ‘जवळपास’ असं नाही.

प्रत्येक हँडओव्हरला क्रमांक द्या, उदाहरणार्थ ‘एचओ-०७’. पुढे फाइलींत, मीटिंगच्या नोंदींत आणि पत्रव्यवहारात हाच क्रमांक वापरायचा. अशा साध्या गोदामाला दहा-पंधरा हँडओव्हर पुरतात. यादी पन्नासवर गेली तर तुम्ही दुसऱ्याच्या घरातलं काम आपल्या ताब्यात घेत आहात असं समजा आणि कात्री लावा.

दोन्ही फाइलींत माइलस्टोन, मगच लिंक

आता फाइली उघडा. सिव्हिलच्या फाइलमध्ये माइलस्टोन, म्हणजे टप्पा दाखवणारा शून्य दिवसांचा टास्क, घाला: ‘एचओ-०७ ग्रिड १–८ दिला’. सिव्हिलची संबंधित कामं त्याच फाइलमध्ये त्याला जोडा. शेडच्या फाइलमध्ये दुसरा माइलस्टोन घाला: ‘एचओ-०७ ग्रिड १–८ मिळाला’. इरेक्शनची कामं त्याला जोडा. दोन फाइलींमधली लिंक फक्त या दोन माइलस्टोनमध्ये टाकायची. सिव्हिलचं काम थेट शेडच्या कामाला जोडायचं नाही.

हे दुहेरी वाटलं तरी त्याचे फायदे मोठे आहेत. सिव्हिलवाल्याने आपली कामं कितीही फोडली, पुन्हा जोडली, नावं बदलली तरी त्याचा माइलस्टोन जागेवर राहतो. लिंक तुटली तरी शेडच्या फाइलमध्ये ‘मिळाला’ हा माइलस्टोन उरतो, त्यावर तात्पुरती तारीख टाकून काम चालवता येतं. आणि बाहेरून काय काय यायचं आहे ते एका फिल्टरमध्ये दिसतं: नावात ‘एचओ’ असलेलं सगळं.

लिंक शक्यतो फिनिश टू स्टार्ट ठेवा, म्हणजे पहिलं संपल्यावर दुसरं सुरू. ‘सिव्हिल सुरू झाल्यावर दहा दिवसांनी शेड सुरू’ अशी स्टार्ट टू स्टार्ट लिंक एका फाइलच्या आत चालवून घेता येते, दोन फाइलींमध्ये ती फसवते. सिव्हिलवाल्याने एक खड्डा खणला आणि काम सुरू झाल्याची तारीख टाकली की दहा दिवसांनी इरेक्शन सुरू होणार असं सॉफ्टवेअर समजतं, मग दरम्यान एकही पेडेस्टल उभं राहिलेलं नसो. कामं खरोखर एकमेकांवर चढून होणार असतील तर फ्रंटचे तुकडे करा: ग्रिड १ ते ८ चा एक हँडओव्हर, ९ ते १६ चा दुसरा.

लिंक टाकण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, शेडच्या फाइलमध्ये ‘मिळाला’ या माइलस्टोनच्या प्रीडिसेसर (आधीचं काम) रकान्यात पूर्ण पत्ता लिहायचा: ड्राइव्ह, फोल्डर, फाइलचं नाव आणि शेवटी सिव्हिलच्या फाइलमधला टास्कचा आयडी. म्हणजे ‘डी:\बुटीबोरी\सिव्हिल.एमपीपी\४२’ अशा धाटणीचं. दुसरा मार्ग सोपा. नवीन कोरी फाइल उघडा, प्रोजेक्ट टॅबवरच्या ‘सबप्रोजेक्ट’ बटणाने तिन्ही फाइली आत घ्या आणि ‘लिंक टू प्रोजेक्ट’ची खूण तशीच राहू द्या. ती काढली तर फाइलची नुसती प्रत आत येते आणि मूळ फाइलशी नातं राहत नाही. मग मास्टरमध्ये आधी देणारा माइलस्टोन, कंट्रोल दाबून घेणारा माइलस्टोन असे निवडा आणि नेहमीसारखी लिंक करा.

मास्टर बंद करताना प्रत्येक आतल्या फाइलसाठी सेव्ह करायचं का असं विचारलं जातं. इथे सरसकट होकार देऊ नका. कोणत्या फाइलमध्ये आपण जाणूनबुजून काही बदललं ते आठवा आणि तेवढीच सेव्ह करा.

यानंतर शेडची फाइल एकटी उघडली की त्यात सिव्हिलचा माइलस्टोन करड्या रंगात दिसेल. ती बाहेरच्या कामाची सावली असते. त्यावर डबल क्लिक केलं की मूळ फाइल उघडते. अनेक जण ही करडी ओळ अडगळ समजून डिलीट करतात आणि तिच्याबरोबर लिंकही जाते. शेडच्या इंजिनिअरला हे आधीच सांगून ठेवा.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी तपासा. २०१० च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये नवीन टास्क मुळात ‘मॅन्युअली शेड्यूल्ड’ असतो. असा टास्क लिंकला जोडलेला दिसतो, पण नंतर सिव्हिलची तारीख घसरली तर तो आपणहून हलत नाही. फार तर तारखेखाली लाल नागमोडी रेघ येते. घेणारा माइलस्टोन आणि त्याच्या पुढची सगळी कामं ‘ऑटो शेड्यूल्ड’ आहेत ना, हे त्या रकान्यात नजर फिरवून बघा. तसंच ‘मस्ट स्टार्ट ऑन’सारखं कडक बंधन घेणाऱ्या बाजूला नको. ते आलेली घसरण अडवून धरतं आणि साखळीचा पुढचा भाग जुन्या तारखांवर चालत राहतो. मालकाने दिलेली तारीख दाखवायची असेल तर ‘डेडलाइन’ वापरा. ती नुसती खूण दाखवते, काम अडवत नाही.

सात दिवस म्हणजे किती दिवस?

इथे थोडं थांबू. जोडलेल्या शेड्यूलमधल्या बऱ्याच चुका कॅलेंडरमधून येतात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

ग्रिड १ ते ८ च्या शेवटच्या पेडेस्टलचं काँक्रीट शनिवारी, ६ फेब्रुवारी २०२७ ला संध्याकाळी पडणार आहे. त्यानंतर सात दिवस क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवून पक्कं होऊ देणं) धरायचं, मग इरेक्शन. लिंकवर नुसता ‘७ दिवस’ लॅग (दोन कामांमधला थांबण्याचा वेळ) टाकला तर काय होतं? रविवारची सुटी असलेल्या सहा दिवसांच्या कॅलेंडरवर मोजलं तर ८ ते १३ हे सहा दिवस आणि सोमवार १५ हा सातवा, म्हणजे इरेक्शन मंगळवारी १६ तारखेला सुरू. शेडवाल्याच्या ऑफिसचं पाच दिवसांचं कॅलेंडर लागलं तर ८ ते १२, मग १५ आणि १६, म्हणजे सुरुवात बुधवारी १७ ला. पण काँक्रीट रविवारीही घट्ट होत असतं. खरे सात दिवस शनिवारी १३ ला संध्याकाळी भरतात आणि इरेक्शन सोमवारी १५ लाच सुरू होऊ शकतं. एकाच ‘सात दिवसां’ची तीन उत्तरं, आणि भाड्याची क्रेन आणायची तर त्यातलं नेमकं एकच बरोबर हवं.

यावर उपाय दोन. क्युरिंगसारख्या, सुटी न पाळणाऱ्या गोष्टीला ‘ईडे’, म्हणजे सलग दिवसांचं एकक वापरा. आणि तो वेळ लिंकच्या पोटात लपवू नका. सिव्हिलच्या फाइलमध्ये ‘क्युरिंग, ७ ईडे’ असा वेगळा टास्क करा. तो देणाऱ्याच्या फाइलमध्ये, देणाऱ्याच्या नावावर राहतो, सगळ्यांना दिसतो, आणि पुढे तो कमी-जास्त करायचा तर कोणाशी बोलायचं हेही स्पष्ट असतं. फाइलींमधल्या लिंकवर लॅग शून्य, हा नियम मी पाळतो आणि नव्या प्रत्येकाला पाळायला सांगतो.

आता घसरण बघू. सिव्हिलवाल्याने कळवलं की शेवटचं काँक्रीट ६ ऐवजी शुक्रवारी १२ ला पडेल. क्युरिंग शुक्रवारी १९ ला संध्याकाळी संपतं. इरेक्शन शनिवारी २० ला सुरू होतं. १९ फेब्रुवारी ही शिवजयंती, साइट बंद. म्हणजे शेडवाल्याचे १५ ते १८ असे चार कामाचे दिवस गेले. ग्रिड १ ते ८ चं इरेक्शन बारा दिवसांचं आहे असं धरलं तर ते १ मार्चऐवजी ५ मार्चला संपेल. त्याच्या पुढे पत्रे बसवणाऱ्या टोळीपर्यंत तीन दिवसांचा फ्लोट (पुढचं काम न हलवता घसरण सोसणारी मोकळीक) असेल तर तो पुरा खाऊन एक दिवस वर जातो. शेडच्या फाइलमध्ये शिवजयंतीची सुटी टाकलेलीच नसेल तर हेच गणित पाच दिवसांची घसरण दाखवतं, आणि सिव्हिलवाला म्हणतो चार, शेडवाला म्हणतो पाच. भरपाईची पत्रं अशाच एका दिवसावरून सुरू होतात.

म्हणून तिन्ही फाइलींना एकच साइट कॅलेंडर द्या, आणि ते नागपूरचं असू द्या, मुंबई-पुण्याच्या मुख्यालयातून आलेलं नको. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. काँक्रीट पहाटे किंवा रात्री घ्यावं लागतं आणि दुपारचे तास जवळजवळ हातचे जातात. तेव्हा त्या महिन्यासाठी कामाचे तास वेगळे टाका. पोळ्याला, दिवाळीला आणि होळीला मजूर गावी जातात आणि सुटीच्या एका दिवसानंतर लगेच परतत नाहीत. ठेकेदाराला विचारून खरे दिवस टाका. दसऱ्याच्या सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, मोर्चे आणि बंदोबस्त असतो. या दिवसांत शहरातले रस्ते वळवले जातात. राफ्टर घेऊन येणारे लांब ट्रेलर शहराच्या बाजूने यायचे असतील तर वाहतुकीच्या टास्कला त्यासाठी वेगळं कॅलेंडर लावा.

दर आठवड्याचा क्रम

लिंक टाकणं एका दुपारचं काम आहे. ती जिवंत ठेवणं हे वर्षभराचं.

आधी सेटिंग. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये खाली ‘क्रॉस प्रोजेक्ट लिंकिंग’चा भाग आहे. तिथे फाइल उघडताना ‘लिंक्स बिटवीन प्रोजेक्ट्स’ची चौकट दाखवायचा पर्याय चालू ठेवा आणि ‘ऑटोमॅटिकली अ‍ॅक्सेप्ट न्यू एक्स्टर्नल डेटा’ बंद ठेवा. दुसऱ्याची तारीख आपल्या फाइलमध्ये गुपचूप शिरू नये, एवढाच यामागचा हेतू. हे पर्याय त्या त्या फाइलपुरते असतात, म्हणून तिन्ही फाइलींत वेगवेगळे बघावे लागतात.

मग आठवड्याचा क्रम ठरवा. सगळ्यांची स्टेटस डेट, म्हणजे प्रगती जिथवर मोजली ती तारीख, एकच, समजा शनिवार संध्याकाळ. एकाची प्रगती शनिवारपर्यंतची आणि दुसऱ्याची गेल्या बुधवारपर्यंतची असेल तर लिंक जुळूनही चित्र खोटं येतं. आधी देणाऱ्याची फाइल अद्ययावत होते, म्हणजे सिव्हिल. त्यानंतर घेणाऱ्याची फाइल एकटीच उघडायची, मास्टर नाही. याला कारण आहे. मास्टरमध्ये सगळ्या फाइली एकाच वेळी उघड्या असतात, त्यामुळे बदललेली तारीख न विचारता पुढे जाते. फाइल एकटी उघडली की चौकट समोर येते: कोणतं बाहेरचं काम, त्याची तारीख काय, किती टक्के झालं आणि आधीपेक्षा फरक काय.

फरक दिसला की लगेच ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबू नका. फोन उचला. “दादा, एचओ-०७ तुमच्याकडे सहा दिवस पुढे गेलाय. खरंच काँक्रीट बाराला आहे की फाइलमध्ये काही चुकलं?” बऱ्याचदा उत्तर येतं की कोणीतरी एक टास्क फोडला आणि त्यात लिंक सटकली. कधी उत्तर येतं की हो, स्टील आलं नाही. पहिल्या बाबतीत तिकडे दुरुस्ती होते आणि फरक नाहीसा होतो. दुसऱ्या बाबतीत स्वीकारा आणि यादीतल्या ‘आजची अपेक्षित तारीख’ या रकान्यात नवी तारीख घाला. ‘कबूल केलेली तारीख’ मात्र खोडायची नाही. ती दोघांच्या सहमतीनेच, मीटिंगच्या नोंदीसह बदलते.

न स्वीकारता तसंच ठेवायचं असेल तर एका आठवड्यापेक्षा जास्त नको. तोवर दोन्ही फाइली वेगवेगळं सांगत असतात आणि मालकाला दोन तारखा ऐकू येतात.

हे झालं की मास्टर उघडा. तिथे पूर्ण साखळीचा क्रिटिकल पाथ, म्हणजे शेवटची तारीख ठरवणाऱ्या कामांची रांग, बघायचा. ऑप्शन्समध्ये शेड्यूलखाली ‘इन्सर्टेड प्रोजेक्ट्स आर कॅल्क्युलेटेड लाइक समरी टास्क्स’ असा पर्याय आहे. तो चालू असेल तर तिन्ही फाइली मिळून एकच क्रिटिकल पाथ निघतो. बंद असेल तर प्रत्येक फाइल आपापला दाखवते. दोन्ही चित्रं उपयोगी आहेत, फक्त कोणतं बघतोय ते माहीत असावं. मालकाला दाखवताना तो चालू ठेवा. कंत्राटदाराशी त्याच्या मुदतीवर बोलताना बंद करून बघा.

नवी बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठी गोठवून ठेवलेल्या तारखा, लागली तर प्रत्येक फाइल वेगळी उघडून घ्या, आणि लिंकमध्ये मोठे फेरफार करण्याआधी घ्या.

लिंक कुठे तुटतात

सगळ्यात जास्त तुटतात त्या फाइलच्या नावापायी आणि जागेपायी. लिंकमध्ये फाइलचा पत्ता असतो. साइटवरून कोणी सिव्हिलची फाइल मेलने पाठवतं, ती डाउनलोड होताना तिच्या नावापुढे ‘(१)’ लागतं, कोणी तिला ‘सिव्हिल_अंतिम’ करतं आणि जुनी फाइल तशीच पडून राहते. शेडची फाइल त्या जुन्या फाइलकडेच बघत बसते. काही चुकल्याची सूचना येत नाही, कारण जुनी फाइल आहेच की. म्हणून एक सामायिक फोल्डर, कायमची तीन नावं, आणि आवृत्त्या हव्या तर ‘जुने’ नावाच्या उपफोल्डरमध्ये तारखेसह प्रती. चालू फाइलचं नाव कधीही बदलायचं नाही. लिंक असलेल्या फाइलींची नावं बदलणं, त्या हलवणं, एकीवर दुसरी सेव्ह करणं यातून फाइल खराब होण्याचाही धोका असतो, म्हणून आठवड्याची प्रत नक्की काढा. मास्टरमध्ये आत घेतलेल्या फाइलचा पत्ता तपासायचा असेल तर तिच्या ओळीवर डबल क्लिक करून ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये बघा. तिथूनच नवा पत्ताही देता येतो.

दुसरा प्रकार वर्तुळाचा. सबस्टेशनची खोली सिव्हिल देणार, म्हणून विजेची फाइल सिव्हिलवर अवलंबून. तिकडे सिव्हिलच्या फ्लोअरिंगआधी विजेच्या लोकांचे केबलचे पाइप जमिनीत गेले पाहिजेत, म्हणून सिव्हिल विजेवर अवलंबून. दोन्ही बरोबर आहेत. पण लिंक ढोबळ कामांना लावल्या तर सिव्हिल विजेची वाट बघतं आणि वीज सिव्हिलची. फाइली वेगवेगळ्या उघडून लिंका टाकल्या तर हे तेव्हाच लक्षात येईल असं नाही. सगळं एकत्र मोजायला घेतलं की अडकतं. इथे पुन्हा हँडओव्हर बारीक करा: ‘सबस्टेशनची खोली मिळाली’ वेगळा, ‘जमिनीतले पाइप टाकून झाले’ वेगळा.

तिसरी गोष्ट, ज्यांची फाइलच आपल्याकडे नसते अशा कार्यालयांची. विद्युत निरीक्षकांची परवानगी, महावितरणची जोडणी, अग्निशमनचा दाखला. यांच्यासाठी खोट्या फाइली करू नका. विजेच्या फाइलमध्येच एक माइलस्टोन ठेवा, त्याला ‘स्टार्ट नो अर्लियर दॅन’ हे बंधन द्या आणि टिपणीत लिहा की अर्ज कोणत्या तारखेला दिला, पाठपुरावा कोण करतंय. त्याच्या आधी ‘अर्ज दाखल’ हा आपल्या हातातला टास्क हवाच. नाहीतर परवानगी उशिरा आली एवढंच दिसतं आणि अर्जच उशिरा गेला होता हे झाकलं जातं.

पी-सिक्स वापरत असाल तर

पी-सिक्समध्ये सगळे प्रोजेक्ट एकाच डेटाबेसमध्ये असतात, त्यामुळे फाइल हरवण्याची भीती नाही. दोन्ही प्रोजेक्ट एकत्र उघडा, अ‍ॅक्टिव्हिटीच्या प्रीडिसेसर टॅबमधून दुसऱ्या प्रोजेक्टमधला माइलस्टोन जोडा. माइलस्टोनच्या जोडीचा नियम इथेही तोच.

शेड्यूल करायच्या चौकटीत ऑप्शन्स उघडून तीन गोष्टी बघा. ‘इग्नोर रिलेशनशिप्स टू अँड फ्रॉम अदर प्रोजेक्ट्स’वर खूण असेल तर तुमच्या सगळ्या बाहेरच्या लिंका त्या गणितात नसल्यासारख्याच. लॅगसाठी कोणतं कॅलेंडर धरायचं हे इथे निवडता येतं: आधीच्या कामाचं, नंतरच्या कामाचं, चोवीस तासांचं किंवा प्रोजेक्टचं. सगळ्या कंत्राटदारांनी एकच निवडलं पाहिजे. आणि फ्लोट प्रत्येक प्रोजेक्टच्या शेवटच्या तारखेवरून मोजायचा की उघडलेल्या सगळ्यांच्या, हेही इथेच ठरतं. दुसरा पर्याय असेल तर लवकर संपणाऱ्या सिव्हिलच्या कामांचा फ्लोट एकाएकी फुगलेला दिसतो. सिव्हिलवाल्याने तो आकडा दाखवून सवलत मागितली तर आधी हा पर्याय तपासा.

एक्सईआर, म्हणजे पी-सिक्समधून काढलेली प्रोजेक्टची फाइल, आयात करताना विशेष जपा. कंत्राटदाराने पाठवलेल्या प्रोजेक्टच्या लिंका ज्या प्रोजेक्टशी होत्या तो तुमच्या डेटाबेसमध्ये नसेल तर लिंक येत नाही, पण तिची तारीख ‘एक्स्टर्नल अर्ली स्टार्ट’ किंवा ‘एक्स्टर्नल लेट फिनिश’ म्हणून मागे राहते. अ‍ॅक्टिव्हिटीला कसलंही बंधन दिसत नाही, प्रीडिसेसरही दिसत नाही, तरी ती एका तारखेच्या अलीकडे येतच नाही. असं काही आढळलं की हे दोन रकाने पडद्यावर आणा आणि भरलेल्या ओळी शोधा. मग प्रत्येक ओळीवर निर्णय घ्या: खरी लिंक जोडून ती तारीख काढायची, की कंत्राटदाराला विचारून माइलस्टोन आणि उघड बंधन घालायचं.

लिंक काढायची वेळ

हँडओव्हर पूर्ण झाला की त्या लिंकचं काम संपलं. सिव्हिलच्या माइलस्टोनवर खरी तारीख पडली, कागदावर सह्या झाल्या, की शेडच्या ‘मिळाला’ माइलस्टोनवरही खरी तारीख टाका. दोन तारखा वेगळ्या असू शकतात. सिव्हिलने शनिवारी दिलं, शेडवाल्याने सर्व्हे तपासून मंगळवारी स्वीकारलं. असं असेल तर ते तसंच नोंदवा, जुळवून घेऊ नका. पुढे मुदतवाढीची चर्चा निघाली तर त्या तीन दिवसांचा हिशेब याच नोंदीवर होतो.

एखाद्या कंत्राटदाराचं काम संपून त्याची फाइल बंद होणार असेल तेव्हा आधी ‘लिंक्स बिटवीन प्रोजेक्ट्स’ उघडून तिच्याकडून येणाऱ्या आणि तिच्याकडे जाणाऱ्या सगळ्या लिंका बघा. पूर्ण झालेल्या असतील त्या ‘डिलीट लिंक’ने काढा. एखादी अजून बाकी असेल तर ते काम आता कोण पूर्ण करणार ते ठरवा आणि देणारा माइलस्टोन त्याच्या फाइलमध्ये नेऊन लिंक तिथून पुन्हा जोडा. यादीत त्या हँडओव्हरसमोर सही झालेल्या कागदाचा क्रमांक लिहा, तिन्ही फाइलींची आणि मास्टरची एक प्रत काढा, आणि त्यानंतरच बंद झालेली फाइल चालू फोल्डरमधून हलवा.